वर्गसंख्यांचा जैन वारसा : मान्यखेट ते अमरावती

नाचणगाव ज्या देवळी तालुक्यात मोडते, त्या देवळी येथे राष्ट्रकूट नृपती तृतीय कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट सापडला. याच राजवंशातील अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्गसंख्यांचे मर्म त्यात सुबोधपणे उलगडलेले आहे.

कोणत्याही संख्येला तिनेच गुणले असता तिचा वर्ग मिळतो. आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. एकपासून प्रारंभ करून दोनदोनने वाढणाऱ्या, दिलेल्या संख्येइतक्या पदांची बेरीज म्हणजेच वर्ग, असेही ते सांगतात. पाचाचा वर्ग म्हणजे १ + ३ + ५ + ७ + ९ = २५. तुरीच्या दाण्यांचा चार बाय चार चौरस मांडून त्याच्या दोन लगतच्या बाजूंस चार-चार आणि कोपऱ्यात एक असे नऊ दाणे ठेवले, की पाचाचा चौरस पूर्ण होतो. विषम संख्याच का मिळवायच्या, हे बालकास डोळ्यांनी दिसते.

दुसरी रीत तोंडी हिशेबाची. ४७ चा वर्ग हवा असल्यास त्यातून ३ वजा करावे व त्यात ३ मिळवावे. ४४ व ५० यांच्या २२०० या गुणाकारात ३ चा वर्ग ९ मिळविला की २२०९ हे उत्तर येते. धन असो वा ऋण, संख्येचा वर्ग धनच असतो; म्हणून ऋण संख्येस वर्गमूळ नाही, हेही आचार्यांनी स्पष्ट नोंदविले आहे.

त्यापूर्वी वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेत वर्गाचा पुनःपुन्हा वर्ग करून २, ४, १६, २५६, ६५५३६ अशा चढत्या संख्यांनी विशाल राशींचे मापन केलेले आढळते. जीवराशी, काल व क्षेत्र यांच्या विचारासाठी जैन आचार्यांना गणित अपरिहार्य होते.

मात्र या विद्येस प्रदीर्घ अज्ञातवास घडला. धवलेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके भक्तिभावाने जपल्या गेल्या. परंतु त्यांचे दर्शन घडे, अध्ययन नव्हे. अखेर डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली इ. स. १९३९ मध्ये तिचा पहिला खंड प्रकाशित झाला, तो आपल्या विदर्भातील अमरावती येथून. 'गणितसारसंग्रह' रंगाचार्यांच्या इंग्रजी अनुवादासह १९१२ मध्ये मद्रासहून, तर लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघातर्फे प्रसिद्ध झाला.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. वेष्टनात बांधलेला ग्रंथ आणि अर्थ न समजता पाठ केलेली वर्गांची यादी, दोहोंची गत एकच! जैन परंपरेने स्वाध्यायास आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वावर प्रत्येक घरातील एका तरी बालकाने दाण्यांचा चौरस मांडून पाहावा व त्यामागील कारण आपल्या शब्दांत सांगावे. महावीराचार्यांना तीच खरी विनयांजली ठरेल.