दोन-तीन पात्रं पुरे

दान कसं करावं, यावर आपल्याकडे पोथ्यांच्या पोथ्या आहेत. घ्यावं कसं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्यातही देणारा श्रीमंत असला तर घेणाऱ्याला अवघड वाटत नाही. ज्याचा गल्ला म्हणजे एक पत्र्याचा डबा, असा माणूस अचानक ‘राहू द्या, पैशाचं काय एवढं’ म्हणतो, तेव्हा खरी पंचाईत होते. जबरदस्तीने पैसे ठेवले तर त्याचा अपमान होतो, आणि न ठेवावेत तर आपलंच मन खातं.

येडशीसारख्या गावात हा प्रसंग अनेकांवर येत असणार. सोलापूरहून बीडकडे जाणारा हमरस्ता आणि लातूर-बार्शी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला माणसं लोटतात. फाट्यावरच्या हॉटेलांचं गिऱ्हाईक बहुतेक वाटसरू. शेजारणीने वाटीभर भाजी पाठवली, तर वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत आपल्या अंगात मुरलेली आहे. पण वाटसरूकडे परत करायला वाटीच नसते. तो पुन्हा त्या वाटेने येईल की नाही, हेही ठाऊक नसतं. परतफेडीची सोय नसलेलं घेणं कसं घ्यावं?

या प्रश्नाचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी झालेला आहे, आणि तो करणाऱ्या लोकांची एक खूण येडशीच्या पूर्वेला, जवळच असलेल्या तेरमध्ये सापडते. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून त्याचा उल्लेख येतो. तिथून साधं सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. व्यापाऱ्यांच्या या गावात बौद्ध भिक्षूही होते. तिथल्या उत्खननात विटांचा स्तूप मिळाला, आणि आजचं त्रिविक्रमाचं मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं, असं मत हेन्री कझिन्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं.

भिक्षू म्हणजे कायमचा वाटसरू. त्याला परतफेड करता येत नाही, आणि त्याला देणारे सगळे राजे-सावकार नव्हते. महाराष्ट्रातल्या लेण्यांमधले लेख वाचले की हे लगेच लक्षात येतं. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातल्या दारासाठी धेनुकाकटच्या सिंहदत्ताने दान दिलं. तो गंधिक, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा. तिथेच सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. श्रेणी म्हणजे त्या काळची व्यावसायिकांची संघटना. हे लोक तागडीवर आणि रंध्यावर पोट भरणारे. त्यांच्याकडून घ्यायचं, तर घेणाऱ्यालाच काही शिस्त हवी.

ती शिस्त भिक्षूंच्या नियमांत, म्हणजे विनयात, आहे. पाली विनयात एक गोष्ट येते. काणा नावाच्या मुलीला सासरी जायचं होतं. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिच्या आईने पुऱ्या केल्या. एक भिक्षू आला, तिने त्याला दिल्या. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुऱ्या संपल्या. पुन्हा केल्या, पुन्हा संपल्या. मुलीचं जाणं लांबत गेलं आणि शेवटी नवऱ्याने दुसरी बायको केली. पुढची गोष्ट तांड्याबरोबर निघालेल्या एका माणसाची. त्याने एका भिक्षूला वाटेसाठी घेतलेलं सातू दिलं. बातमी पसरली, त्याची शिदोरी संपली. ती पुन्हा तयार करण्यात तांडा पुढे निघून गेला, आणि एकट्याला गाठून चोरांनी लुटलं.

त्यावर नियम झाला तो असा : अशा ठिकाणी दोन किंवा तीन पात्रं भरतील एवढंच घ्यावं, त्याहून जास्त नाही. घेतलेलं इतर भिक्षूंबरोबर वाटून खावं. आणि त्यांना सांगावं, ‘मी तिथून घेतलंय, तुम्ही तिथे घेऊ नका.’

आणखी एक नियम याच्याही पुढे जातो. काही घरं अशी असतात की श्रद्धा वाढते आणि चूल विझते. देता देता घरातली माणसं उपाशी राहू लागली, तर संघाने तसं रीतसर जाहीर करायचं. मग आजारी नसलेल्या भिक्षूने बोलावणं नसताना त्या घरून अन्न घ्यायचं नाही. बौद्ध पंथांमध्ये विनयाचे पाठ वेगवेगळे आहेत, पण हे दोन्ही नियम त्यांत आढळतात.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. देणाऱ्याला कोणीही ‘हात आखडता घे’ असं सांगत नाही. घेऊच नका, असंही नाही. त्याची ऐपत ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे.

त्याच्या मनाचीही. चुंद नावाच्या कारागिराच्या घरी बुद्धाने शेवटचं जेवण घेतलं आणि तो आजारी पडला. चुंदाला याची टोचणी लागू नये म्हणून त्याने आनंदाला निरोप सांगून ठेवला : ज्ञानप्राप्तीच्या आधीचं जेवण आणि हे शेवटचं जेवण, दोन्हींचं पुण्य सारखंच मोठं आहे. घेतलेलं अंगाशी आलं, तरी देणाऱ्याचा हात खाली पडू दिला नाही.

येडशीच्या फाट्यावर एकदा माझी बस चुकली होती. हॉटेलवाल्या मामांनी स्वतःचा डबा उघडून भाकरी पुढे केली. मी विचारलं, “मामा, भवानी झाली का?”

“सकाळीच झाली की. खावा निवांत.”

पहिली विक्री व्हायच्या आधी दुकानदाराकडून फुकट घेऊ नये, हे मला घरातून मिळालेलं शहाणपण. भवानी झालेली होती, म्हणून अर्धी भाकरी घेतली, अर्धी त्यांना ठेवली. भाकरीचे पैसे विचारले नाहीत. चहा प्यायलो, त्याचे मात्र दिले. विक्रीचं ते विक्रीचं आणि मायेचं ते मायेचं, एवढा फरक ठेवला की दोघांनाही अवघडत नाही.

आज सगळ्यात विसरला गेलेला नियम सांगायचा तर तो बातमीचा. कोणी प्रेमाने फुकट खाऊ घातलं की लगेच त्याचा व्हिडिओ निघतो, नाव-पत्त्यासकट. हेतू चांगलाच असतो. पण दुसऱ्या दिवशी दारात उभी राहणारी माणसं गिऱ्हाईक म्हणून येतात की काणाच्या आईच्या पुऱ्या संपवायला, हे सांगता येत नाही. आपल्याला सांगायचंच असेल तर ‘तिथली भजी चांगली असतात, विकत घेऊन खा’ एवढं पुरे.

मग देणाऱ्याचं नाव राहायचं कुठे? कार्ल्याला ते दगडावर राहिलं. तेरलाही एक उदाहरण आहे. तिथलेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या पुरावस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्या संग्रहावर उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय तेरमध्येच आहे, आणि दारावर नाव त्यांचंच आहे. तगरच्या व्यापाराच्या खुणा तिथे जाऊन कोणालाही पाहता येतात. घेणाऱ्याने देणाऱ्याचं नाव सांभाळलं आणि घेतलेलं सर्वांसाठी खुलं ठेवलं, तर परतफेड झाली नाही याची खंत बाळगायचं कारण उरत नाही.