टोल, भोंगा आणि माझा रिंगटोन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागच्या वर्षी श्रावणात आमचा दादा गेला, त्यानंतर काही लिहावंसंच वाटत नव्हतं. नात्यातल्यांना बाकी सगळं ठाऊक आहे, पण एक गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. त्या रात्री वहिनीने सांगलीहून मला तीनदा फोन लावला होता. दोन वाजून १० मिनिटांनी, मग १४ मिनिटांनी, मग ३१ मिनिटांनी. फोन माझ्या उशापासून चार हातांवर टेबलावर होता, आवाज पूर्ण वाढवलेला. मला तो ऐकू आला नाही. पहाटे साडेपाचला उठून चष्मा लावला तेव्हा ते तीन मिस्ड कॉल दिसले. दादा चारलाच गेला होता.

"वन्सं, त्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायचे होते हो," एवढंच वहिनी म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीच काढत बसते, मनातल्या मनात.

दिवाळीत नातू आला. त्याला वाटत होतं की आजीने चुकून फोन गप्प केला असणार. मी स्वयंपाकघरात डबे लावत असताना त्याने मागे उभं राहून रिंग दिली आणि म्हणाला, "आजी, वाजतोय की!" मला फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग कानाच्या डॉक्टरांकडे वारी झाली. त्यांनी आलेख काढून दाखवला. डावीकडे खालच्या स्वरांची रेघ बऱ्यापैकी सपाट, आणि उजवीकडे वरच्या स्वरांना दरड कोसळल्यासारखी खाली. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं, म्हणाले. म्हणूनच माणसं बोललेली ऐकू येतात पण 'स' आणि 'श' कळत नाहीत. पस्तीस वर्षं मुलांच्या 'स'-'श'वरून कान पिळले, त्याची ही फेड असावी!

आता गंमत बघा. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. त्यातून खालचे स्वर नीट निघत नाहीत, म्हणून कंपनीचे रिंगटोन बहुतेक वरच्या पट्टीत, किणकिणणारे. म्हणजे जिथे फोन बोलतो तिथे माझा कान बहिरा, आणि जिथे माझा कान शाबूत तिथे फोन मुका. हे कळल्यावर मी विचार करत बसले, की आयुष्यभर आपल्याला बोलावणारे आवाज तरी कोणकोणते होते?

माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्प चारला भाड्याच्या खोलीत गेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली होती, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. वडील अंबरनाथला कारखान्यात कामाला. घरात घड्याळ एकच, तेही मागे पडणारं. ते भोंग्यावर लावायचं. भोंगा वडिलांना बोलवायचा पण ऐकायचा सगळा गाव. त्यावर कोणी अंगणात सडा टाके, कोणी दुधाला निघे. पुढे मी अंबरनाथच्या शाळेत लागले, तिथे रेल्वेच्या रुळाचा तुकडा लिंबाच्या झाडाला टांगलेला होता. शिपाईमामा त्यावर लोखंडी दांडा मारायचे, तो आमचा टोल. असल्या आवाजांना मालक नसतो. आणि ते ऐकू आले नाहीत असंही कधी होत नाही, कारण शेजारी तरी सांगतोच.

टेलिफोनचं तसंच होतं. ग्रॅहम बेलने फोन शोधला खरा, पण सुरुवातीला त्याला घंटाच नव्हती. पलीकडच्याला कळवायचं कसं? बेलचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये घंटीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे फोन वाजू लागला. आपल्याकडचे काळे जडशीळ फोन आठवतात? आत धातूच्या दोन वाट्या आणि मध्ये एक हातोडी. विलायतेसारखीच आपल्याकडची रिंग दुहेरी: दोन छोटे ठोके, मग दोन सेकंद शांतता. अमेरिकेत एकच लांबलचक ठोका, मग मोठी शांतता. आपण 'ट्रिंग ट्रिंग' असं दोनदा म्हणतो त्याचं मूळ बहुधा ह्यात असावं, असा माझा आपला अंदाज.

आमच्याकडे अर्थातच फोन नव्हता. नाक्यावरच्या सिंधी चाचांच्या दुकानातला नंबर आम्ही सगळीकडे दिलेला, पुढे कंसात 'पी.पी.' लिहून. रिंग वाजली की चाचा पोऱ्याला पिटाळायचे, पोऱ्या खालून ओरडायचा. म्हणजे आमचा रिंगटोन हा तो पोऱ्याच! तार आली तर तीही माणूसच घेऊन यायचा, आणि त्याच्या सायकलची घंटी ऐकून आईचा चेहरा पांढरा पडायचा. तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. पण तिचा एक आवाज आपण वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरलो हे किती जणांना माहीत आहे? नोकियावर मेसेज आला की 'टिटिटी टीं टीं टिटिटी' व्हायचं ना, ती मोर्स लिपीतली 'एसएमएस' ही तीन अक्षरं. तारमास्तर असते तर त्यांनी लगेच ओळखलं असतं.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केलेला. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे आमच्यासारख्यांनी मोबाइल घेतला तो २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावरच. तेव्हा बदलापूरच्या फलाटावर एका खिशात नोकियाची ती धून वाजली की दहा जण खिसे चाचपायचे. ती धून स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ च्या 'ग्रान वाल्स' या रचनेतली. १९९४ च्या सुमारास नोकियाने ती फोनवर आणली. १९९८ मध्ये त्यांनी आपल्याकडे इक्बालांच्या 'तराना-ए-हिंदी'ची धून ५११० या फोनमध्ये घातली. पण दहा जणांनी खिसे चाचपायचे म्हणजे तो पुन्हा भोंगाच झाला की! मग प्रत्येकाला आपापला वेगळा आवाज हवासा वाटू लागला.

ह्यात जपानी लोक पुढे. १९९६ मध्येच तिकडे असा फोन निघाला होता, की ज्यात माणूस स्वतः स्वर भरून धून तयार करू शकत होता. आणि १९९८ मध्ये फिनलंडमध्ये वेसा-मत्ती पानानेन नावाच्या गृहस्थांनी धून तयार करायची आणि ती एसएमएसने फोनवर पाठवायची सोय काढली. तिचं नाव काय असेल? हार्मोनियम! हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. ज्या पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं स्टुडिओबाहेर ठेवलं, तिचं नाव फिनलंडमध्ये जाऊन असं निघालं.

आमच्या चिरंजीवांकडे ३३१० होता. त्यात 'कंपोझर' असे. १ ते ७ आकडे म्हणजे सात स्वर, ० म्हणजे विराम, ८ दाबलं की स्वर आखूड, ९ दाबलं की लांब, फुलीने सप्तक बदलायचं. कॉलेजमधून तो वहीत आकड्यांच्या रांगाच्या रांगा उतरवून आणायचा आणि चुकला की सगळं पुन्हा. एकदा मी बघितलं आणि म्हटलं, अरे, हे तर सारेगम आहे! मग रात्री जेवणं झाल्यावर मी स्वर सांगायचे आणि तो दाबायचा. एका वेळी एकच स्वर, एका बोटाने पेटी वाजवावी तसा. पण ती धून त्या फोनपुरती आमची होती.

पुढे गाणीच रिंगटोन झाली आणि ही कला संपली. उल्हासनगरात मोबाइलच्या दुकानांतून संगणकावर बसलेली पोरं दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायची. त्यात भक्तिगीतं, लावण्या, लहान मुलाचं हसणं आणि 'अमुक अमुक, प्लीज पिक अप द फोन' असं नाव घेऊन सांगणारी बाई, असं सगळं. (उल्हासनगरात काय मिळत नाही!) कॉलर ट्यून हे त्याच सुमाराचं खूळ. कित्येकांना अजून फरक कळत नाही म्हणून सांगते: रिंगटोन आपण ऐकतो, कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकावी लागते. माझ्या फोनवर एका कंपनीने न मागता ती लावली होती, महिन्याला तीस रुपये कापून. मला तीन महिने पत्ता नाही, कारण ऐकत होते दुसरेच! २०१३ मध्ये ट्रायने अशा सेवांसाठी दोनदा संमती घेणं सक्तीचं केलं तेव्हा हे प्रकार आवरले. आणि २०२० ची ती खोकल्याने सुरू होणारी करोनाची कॉलर ट्यून... असो.

२०२३ च्या पावसाळ्यात मात्र एक दिवस सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. सरकारची धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होती. तो आवाज मला दुसऱ्या खोलीतूनही स्वच्छ ऐकू आला! पुढे वाचलं, की अमेरिकेत अशा इशाऱ्यासाठी ८५३ आणि ९६० कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजवतात. माझ्या आलेखावर हा भाग अजून सपाट आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली होती, तो दिवस आम्ही बदलापूरकर विसरलेलो नाही. अशा वेळी सगळ्यांचे फोन एकदम वाजायला हवेतच.

डॉक्टरांनी तो आलेख दिल्यावर मला ह्याच केकाटण्याची आठवण झाली आणि धागा सापडला. साधारण पाचशे ते दीड हजार कंपनांमधला आवाज हवा. फोनला काढता येईल आणि मला ऐकू येईल असा.

पहिल्यांदा मनात आला अर्थातच शाळेचा टोल. शाळेत आता विजेची घंटा आहे, पण तो रूळ अजून लटकतोय. परवानगी काढून, रविवारी जाऊन, मी स्वतः दांडा मारून त्याचा आवाज फोनमध्ये घेतला. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? घरी येऊन वाजवला तर चमचा पडल्यासारखा टण्! त्याचा घुमारा सगळा खालचा, तो त्या नखाएवढ्या स्पीकरमधून येईना. उरला तो वरचा खणखणाट, तो मला ऐकू येईना. खलबत्ता झाला, पितळी घंटा झाली. नातू फोनवरून म्हणाला, "आजी, भांड्यांचं दुकान काढतेस का?"

शेवटी आमच्या भजनी मंडळाच्या बाईंकडे गेले. त्यांनी काळी एकमधला वरचा सा वाजवला, म्हणजे साधारण साडेपाचशे कंपनं, आणि मी पाठ करून उभी राहिले. आला ऐकू! पेटीच्या स्वरात त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचेही स्वर मिसळलेले असतात, त्यामुळे तो भरीव लागतो. मग सा आणि प एकत्र, जुन्या फोनच्या तालात: दोन छोटे ठोके, दोन सेकंद शांतता. पंखा बंद करून, खिडक्या लावून तीसेक सेकंद घेतले. नंतर फोनमध्येच सुरुवातीची अर्ध्या सेकंदाची शांतता कापली (ही राहिली तर रिंग उशिरा सुरू झाल्यासारखी वाटते), फाइल 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि सेटिंगमध्ये जाऊन ती निवडली. एवढंच. एका दुपारचं काम.

आणखी दोन गोष्टी नातवाने करून दिल्या, त्या माझ्या वयाच्यांनी जरूर करून घ्याव्यात. रात्री फोन गप्प ठेवायची सवय असेल तर त्या सेटिंगमध्ये जवळच्या माणसांना सूट देता येते, आणि पंधरा मिनिटांत त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू द्यायचा असंही सांगून ठेवता येतं. आणि एकेका माणसाला वेगळा रिंगटोन लावता येतो. पेटी मी फक्त चौघांना लावली आहे. बाकीच्यांचे फोन पूर्वीसारखेच किणकिणतात, ते ऐकू नाही आले तरी चालतं.

वहिनीला हे सगळं कळवलं नव्हतं. काय म्हणून कळवायचं? परवा रात्री पावणेदहाला मी झोपेत होते आणि पेटी वाजली. दुसऱ्या ठोक्याला जागी झाले, छाती धडधडत होती. वहिनीच होती.

"झोपला होतात का हो वन्सं? काही नाही, थालिपिठाच्या भाजणीला धने किती घालता तुम्ही?"