रखमाबाईंचा नकार

लग्नपत्रिकेच्या पाकिटावर बाईमाणसाचें नांव घालण्याची वेळ आली, कीं आपल्याकडे आधीं तीन उपपदांचा विचार होतो: कुमारी, सौभाग्यवती, कीं गंगाभागीरथी? या तिहींत जगांतल्या यच्चयावत् स्त्रिया सामावल्या, असा आपला पिढीजात समज आहे. डॉ. रखमाबाईंचें नांव लिहावयाचें झाल्यास मात्र लेखणी अडखळते. कायद्यानें त्या विवाहित होत्या. संसार त्यांनीं कधींच केला नाहीं. आणि नव्वद वर्षांच्या आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं स्वतःच्या कमाईवर, एकटीनें काढला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस सुतार समाजांत झाला. त्या अगदीं लहान असतांनाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. ज्या पुनर्विवाहावरून ब्राह्मणवर्गांत रणें माजत होतीं, तो या समाजांत रूढीनेंच मान्य होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ सालीं मुंबईस जी निसर्गेतिहास संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत ते होते. असें घर, तरीहि मुलीचें लग्न अकराव्या वर्षीं झालेंच. वर दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्यानें सासरच्या आश्रयानें शिकावें व मार्गाला लागावें, अशी अपेक्षा होती. तो शिकला नाहीं. शिकली ती मुलगी, आणि तीहि शाळेंत न जातां, घरीं आणलेल्या पुस्तकांवर.

अशीं कांहीं वर्षें गेलीं. १८८४ सालीं दादाजीनें मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला: पत्नी नांदावयास येत नाहीं, तिला पाठवावें. रखमाबाईंनीं नकार दिला. दादाजीचें दारिद्र्य, त्याची प्रकृति, त्याच्या मामाच्या घरचें वळण, हीं कारणें त्यांनीं दिलींच. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एक साधें म्हणणें होतें. जें लग्न समज येण्यापूर्वीं दुसऱ्यांनीं लावलें, तें समज आल्यावर आपल्याला मान्य नाहीं. दुसऱ्या कोणाशीं संसार थाटण्याची इच्छा त्यांत नव्हती. तशी असती तर टीकाकारांचें काम सोपें झालें असतें. १८८५ सालीं 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदु स्त्री' या सहीनें बालविवाहावर दोन पत्रें आलीं आणि त्यांनीं खळबळ उडविली. तीं रखमाबाईंचीं होतीं.

२१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्याजोगा आहे. सहवासाचा हक्क कोर्टाकडून बजावून घेण्याची ही तजवीज मूळची इंग्लंडांतील धर्मकोर्टांची. ती तेथील सज्ञान, राजीखुषीनें लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठीं. लहानपणीं लग्न झालेल्या आणि पतीबरोबर कधींच न राहिलेल्या मुलीला तिच्या आधारें बळजबरीनें पाठविणें हें पिन्हे यांस रानटीपणाचें वाटलें, आणि तसा आधार त्यांना हिंदु धर्मशास्त्रांतहि दिसला नाहीं. या निकालावर सनातनी मंडळी तुटून पडली. टिळकांच्या 'मराठा' पत्रानें पिन्हेसाहेबांना हिंदु कायद्याचें मर्म कळलें नाहीं, असें सुनावलें. गंमत अशी कीं, जें शस्त्र धर्मरक्षणार्थ उगारलें जात होतें, तें विलायती कारखान्यांतलें होतें. आणि ज्या १८८४ सालीं दादाजीनें दावा लावला, त्याच सालीं इंग्लंडनें अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद कायद्यानें रद्द केली होती. हिंदुस्थानांत ती उरली.

अपिलांत १८८६ सालीं हा निकाल फिरला व खटला पुन्हा चौकशीस आला. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला: एका महिन्यांत पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करतों, पण घरीं जाणार नाहीं, असें कळविलें. तेव्हां त्या बावीस वर्षांच्या होत्या. सखाराम अर्जुन १८८५ मध्येंच निवर्तले होते. बाजूला बेहरामजी मलबारी, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची असे थोडे लोक. समोर बहुतेक सगळा समाज.

राणीसरकारांनीं हुकूम काढून हें लग्न मोडलें, अशी एक आख्यायिका पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती खरी नव्हे. शेवट अगदीं व्यवहारी झाला. जुलै १८८८ मध्यें २,००० रुपये घेऊन दादाजीनें आपला हुकूम न बजावण्याचें कबूल केलें. म्हणजे हक्क सुटला, लग्न सुटलें नाहीं. दादाजीनें पुढें दुसरें लग्न केलें. पुरुषाला तें मोकळें होतें. रखमाबाई मात्र कायद्याच्या दृष्टीनें त्याच्या पत्नीच राहिल्या.

१८८९ सालीं त्या लंडनला गेल्या आणि स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. १८९४ सालीं डॉक्टर होऊन परतल्या. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं पदवी घेऊन आल्या होत्या, पण दुसऱ्याच वर्षीं त्या गेल्या; रोग्याच्या उशाशीं बसून वर्षानुवर्षें काम करण्याचें भाग्य रखमाबाईंना लाभलें. सुरतेस, नंतर राजकोटास, स्त्रियांच्या रुग्णालयांत मिळून त्यांनीं सुमारें पस्तीस वर्षें सेवा केली. खटल्याच्या काळांत लोकांनीं त्यांच्या चारित्र्याविषयीं नाना तर्क लढविले होते. या वर्षांनीं त्यांपैकीं एकहि खरा ठरविला नाहीं. पाकिटावरचा प्रश्नहि सुटला. नांवामागें 'डॉक्टर' लागलें, कीं बाकीचें विचारण्याचें कारण राहत नसे.

१९०४ सालीं दादाजी वारला. ही वार्ता आल्यावर रखमाबाईंनीं विधवेची पांढरी साडी नेसावयास सुरुवात केली. ज्या नात्याला त्यांनीं तुरुंगाच्या धमकीपुढेंहि मान दिला नाहीं, त्याचें सुतक त्यांनीं कां पाळावें? कोणी यांत रूढीपुढची शरणागति पाहतात. तसें म्हणणें घाईचें होईल. परगांवीं, परक्या बायकांत काम करणाऱ्या एकट्या स्त्रीला पांढऱ्या लुगड्याचें कवच उपयोगी पडत असेल. किंवा लहानपणीं पाहिलेल्या एका मुलाविषयीं थोडी करुणाहि असेल. त्यांना दादाजीचा द्वेष नव्हता, त्याच्याबरोबर राहावयाचें नव्हतें. या दोन गोष्टी एक नव्हेत. पुन्हा लग्नाचा विचार त्यांनीं त्यानंतरहि केला नाहीं.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्या मुंबईस येऊन राहिल्या. पडदापद्धतीविरुद्ध त्यांनीं एक पुस्तिकाहि लिहिली. संमतिवयाचा कायदा १८९१ सालीं झाला होता, त्याच्या चर्चेंत या खटल्याचा वांटा मोठा होता. सहवासाच्या हुकुमासाठीं कैद करण्याची तरतूद १९२३ सालीं गेली. मे १९५५ मध्यें हिंदु विवाह कायदा अंमलांत आला. त्यानें हिंदु स्त्रीला घटस्फोटाची वाट सर्वत्र खुली केली, आणि त्याच्याच नवव्या कलमांत सहवासाचा तो जुना विलायती दावाहि कायम ठेवला. चार महिन्यांनीं, २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, रखमाबाईंचें मुंबईस निधन झालें.