पाकीट फोडण्याआधी

रुग्णालयातला कचरा म्हटले की डोळ्यांपुढे पिवळी आणि लाल पिशवी येते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनंतर हे रंग अंगवळणी पडले. कोणता बोळा कुठे टाकायचा हे वॉर्डातल्या मावशी-मामांना तोंडपाठ असते. अडतो तो नवा निवासी डॉक्टर. या पुस्तकाचा विषय मात्र पिशवीच्या बराच अलीकडे सुरू होतो. शस्त्रक्रियेचे टेबल लावताना ‘असू दे, लागले तर’ म्हणून जे जास्तीचे निर्जंतुक पाकीट फोडले जाते, कचरा तिथे जन्मतो. आतली वस्तू वापरली नाही तरी ती आता निर्जंतुक राहिलेली नसते.

शस्त्रक्रियेचा कचरा आणि उत्सर्जन मोजून कमी करण्याच्या या विद्याशाखेत पाऊल टाकणाऱ्याने आधी मदुराईला जावे, निदान मनाने. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात एका खोलीत एकाहून अधिक टेबले असतात. एक मोतीबिंदू संपतो तोवर शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण तयार असतो. उपकरणे धुऊन, वाफेने निर्जंतुक करून पुन्हा वापरात येतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मोतीबिंदूच्या एका फेको शस्त्रक्रियेचे उत्सर्जन सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरले, आणि कचरा जेमतेम पाव किलो. ब्रिटनमध्ये त्याच शस्त्रक्रियेचा आकडा जवळजवळ वीसपट होता. जंतुसंसर्ग मात्र अरविंदमध्ये पाश्चात्त्य रुग्णालयांहून जास्त नाही. काटकसर म्हणजे हयगय, हा समज इथेच गळून पडतो.

तरीही पुनर्वापराचा सरसकट जयजयकार करायला मी तयार नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा टोचल्या गेल्या, हिपॅटायटिस बी पसरला आणि माणसे दगावली. ‘एकदाच वापरा’ हा धडा आपण अशी किंमत मोजून शिकलो आहोत. सुईला लागू असलेला नियम शस्त्रक्रियेच्या वेळी घालायच्या गाऊनला लागू होतो का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भीतीने नव्हे, मोजमापाने द्यावे लागते.

मोजमाप म्हणजे वस्तूचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब: गाऊनचा कापूस, धुलाईचे गरम पाणी, वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वीज. आपली बरीचशी वीज कोळशाची असल्याने युरोपातले आकडे जसेच्या तसे उसने घेऊन चालणार नाहीत. ते आपल्याकडे मोजणारे फार थोडे आहेत.

काही कचरा तर दिसतही नाही. डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमानवाढ घडवतो. रुग्ण तो जवळपास जसाच्या तसा उच्छ्वासातून बाहेर टाकतो आणि तो छतावरच्या नळीतून आभाळात जातो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये त्याचा नेहमीचा वापर थांबवला. भूलतज्ज्ञाच्या हाती सेव्होफ्लुरेनसारखे पर्याय आहेत, वायूचा प्रवाह कमी ठेवण्याची युक्तीही आहे. या क्षेत्रात इतका सोपा लाभ दुसरा क्वचितच सापडेल.

शल्यचिकित्सक, परिचारिका, अभियंता, भांडारपाल अशा सगळ्यांचे इथे स्वागत आहे. विनंती एकच: पहिले प्रकरण वाचण्याआधी आपल्या शस्त्रक्रियागृहात एक दिवस, फोडलेल्या पण न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढून मोजा. सिस्टरांना आधी विचारून.