मुंबईच्या टाक्यांतील व्हॉल्वॉक्स आणि नरत्वाचे जनुक

पावसाळा सरत आला की महाड तालुक्यातील वीरच्या परिसरात भातखाचरांतले आणि तळ्यांच्या काठचे पाणी निवळते. असे हिरवट पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरावे. नशीब चांगले असेल, तर खसखशीच्या दाण्याहूनही लहान असे हिरवे गोळे त्यात गरगरत पुढे सरकताना दिसतात. हा व्हॉल्वॉक्स. पाठ्यपुस्तकांत याची ओळख बहुधा 'वसाहत करून राहणारे हरित शैवाल' एवढ्यावरच आटोपते. पण नर आणि मादी हा भेद मुळात आला कुठून, या प्रश्नाचे आज जे उत्तर आपल्यापाशी आहे, त्यातला मोठा भाग या गोळ्याने आणि त्याच्या भाऊबंदांनी दिला आहे. त्या शोधाचे एक सुरुवातीचे प्रकरण वीरपासून फार दूर नाही, मुंबईत घडले.

हेन्री जॉन कार्टर (१८१३-१८९५) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर. भूगर्भशास्त्र, सागरी किनाऱ्यांची पाहणी, सूक्ष्मजीव अशा अनेक विषयांत त्यांनी हात घातला. मुंबई बेटावरील पाण्याच्या टाक्यांत वाढणाऱ्या गोड्या पाण्यातील स्पंजांचे वर्णन त्यांनी १८४९ साली प्रसिद्ध केले. स्पंज शोधताना त्याच पाण्यातली हिरवी शैवालेही त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली आली. १८५८ साली यूडोरिनावर आणि १८५९ साली व्हॉल्वॉक्सच्या दोन जातींवर त्यांचे लेख लंडनच्या एका निसर्गविज्ञानविषयक नियतकालिकात आले. दोन्हींचा विषय एकच होता, फलन.

त्या काळी हा विषय अगदी ताजा होता. वनस्पतींना, त्यातही शेवाळासारख्या वनस्पतींना, लैंगिक प्रजनन असते की नाही यावर युरोपात वाद चालू होता. ब्रेस्लाऊ येथील फर्डिनांड कोन यांनी व्हॉल्वॉक्समधील अंडपेशी आणि शुक्रपेशी यांचे वर्णन १८५६ साली केले होते. कार्टर यांनी मुंबईत जी जात पाहिली तिच्यात अंडपेशी एका गोळ्यात तर शुक्रपेशींचे जुडगे दुसऱ्याच गोळ्यात, अशी विभागणी होती. मादी वेगळी, नर वेगळा. कार्टर यांनी तिला नवे नाव दिले नाही. ते काम १८७८ साली प्राग येथील फ्रीडरिश फॉन श्टाइन यांनी केले आणि जातीचे नाव ठेवले 'व्हॉल्वॉक्स कार्टेरी'. नावात डॉक्टर आले, मुंबई राहिली! पुढे १९३३ साली मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी दक्षिण भारतातील अशा शैवालांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात याच जातीचा 'नागरिएन्सिस' हा उपप्रकार आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत आज वाढवला जातो तो हाच.

आता व्हॉल्वॉक्सचे नातलग पाहू. एकपेशीय क्लॅमिडोमोनास, ८ किंवा १६ पेशींची सपाट चकती असलेले गोनियम, साधारण १६ पेशींचा घट्ट गोळा असलेला पँडोरिना, ३२ पेशींचा यूडोरिना आणि सुमारे २,००० पेशींचा व्हॉल्वॉक्स कार्टेरी. क्लॅमिडोमोनास आणि गोनियम यांत एकत्र येणाऱ्या दोन्ही पेशी आकाराने सारख्याच असतात. पँडोरिनात दोन पोहत्या पेशी एकमेकींत मिसळताना १८६९ साली प्रिंग्सहाइम यांनी पाहिल्या, तिथेही फरक असला तर थोडाच. यूडोरिनात लहान-मोठेपणा स्पष्ट होतो. व्हॉल्वॉक्समध्ये एक अचल, मोठी अंडपेशी आणि एक इवलीशी पोहणारी शुक्रपेशी असते. ही मांडणी म्हणजे आजोबा, बाप, मुलगा अशी वंशावळ नव्हे, हे वर्गात अवश्य सांगावे. हे सगळे आज हयात असलेले चुलतभाऊ आहेत आणि क्लॅमिडोमोनास व व्हॉल्वॉक्स यांचे समाईक पूर्वज सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

पेशी सारख्याच दिसत असतील तर नर कोण आणि मादी कोण? कोणीच नाही. पण म्हणून कोणतीही पेशी कोणत्याही पेशीशी जुळते असे नाही. त्यांचे दोन गट असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'धन' आणि 'ऋण' म्हणतात, हेच संयोग-प्रकार. धनचा संयोग फक्त ऋणशी होतो. या शैवालांचे नेहमीचे शरीर एकगुणित असते, म्हणजे प्रत्येक गुणसूत्र एकेकच. त्यामुळे माणसातल्यासारखी लिंग-गुणसूत्रांची जोडी इथे नसते. एका पेशीत धनचा तुकडा असेल किंवा ऋणचा. द्विगुणित अवस्था फक्त युग्मनजात येते आणि अर्धसूत्री विभाजनानंतर निम्मी संतती धन, निम्मी ऋण निघते. क्लॅमिडोमोनासमध्ये हे स्मिथ आणि रेग्नेरी यांनी १९५० साली स्वच्छपणे दाखवले.

स्वच्छपणे म्हणण्याला कारण आहे. त्याआधी या विषयात एक मोठा घोटाळा होऊन गेला होता. फ्रांत्स मेवुस या जर्मन संशोधकाने १९३०च्या दशकात क्लॅमिडोमोनासच्या लैंगिकतेवर एकामागून एक थक्क करणारे निष्कर्ष छापले. १९३९ साली उर्सुला फिलिप आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी त्यातले आकडे तपासले आणि ते 'फारच चांगले' असल्याचे दाखवले. खऱ्या प्रयोगात असते तेवढी ओढाताण त्यांत नव्हती. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले.) १९५५ साली फ्रान्सिस रायन यांनी मेवुसचे प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ते जमले नव्हते. प्रयोगवहीत उत्तराशी तंतोतंत जुळणारे आकडे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ही कथा जरूर सांगावी.

व्हॉल्वॉक्सवर आनुवंशिकीचे काम करायचे तर नर व मादी वेगवेगळे वाढवता येणारी जात हवी. कार्टर यांची जात नेमकी तशीच होती. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील रिचर्ड स्टार यांनी १९६९ साली जपानमधील कोबे येथून मिळालेल्या नर-मादीच्या वाणांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी हे गोळे अलैंगिक रीतीने वाढतात. पाण्यात एक विशिष्ट प्रथिन आले, की पुढची पिढी लैंगिक होते. या प्रथिनाचे अत्यल्प प्रमाणही पुरते. पण ते पहिल्यांदा येते कुठून? डेव्हिड आणि मर्लिन कर्क या दांपत्याने १९८६ साली दाखवले, की पाणी फार तापले की साधे अलैंगिक गोळेसुद्धा हे प्रथिन बनवू लागतात. कोकणातल्या माणसाला यातली सोय लगेच कळेल. चैत्र-वैशाखात लहान तळी तापतात आणि मग आटतात. पाणी तापणे ही आटण्याची आगाऊ सूचना. लैंगिक पिढीतून तयार होणारा युग्मनज जाड भिंतीचा असतो आणि कोरड्या चिखलात टिकून राहतो.

मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९७ साली फेरिस आणि गुडइनफ यांनी क्लॅमिडोमोनासमध्ये 'मिड' नावाचे जनुक ओळखले. ते फक्त ऋण पेशींत असते. मिड असेल तर पेशी ऋण, नसेल तर धन. २००६ साली जपानच्या हिसायोशी नोझाकी यांच्या गटाला हेच जनुक प्लिओडोरिना स्टारी या शैवालात सापडले. या शैवालात नर-मादी वेगळे असतात आणि मिड होते फक्त नरात. म्हणजे नर हा जुन्या 'ऋण'चा वारस ठरला. २०१० साली फेरिस, जेम्स उमेन आणि सहकाऱ्यांनी व्हॉल्वॉक्स कार्टेरीतील हा संपूर्ण गुणसूत्र-भाग वाचला. क्लॅमिडोमोनासच्या तुलनेत तो सुमारे पाचपट मोठा निघाला. जुन्या, लहानशा खटक्याभोवती नवी जनुके जमत गेली होती.

खरी परीक्षा २०१४ साली झाली. उमेन यांच्या गटाने मादी व्हॉल्वॉक्समध्ये मिड घातले. जिथे अंडपेशी व्हायच्या तिथे शुक्रपेशींचे जुडगे तयार झाले. नरातील मिड दाबून टाकले तेव्हा त्याने अंडपेशी बनवल्या. मात्र प्रजननपेशी किती आणि गोळ्यात कुठे, ही ठेवण मूळ लिंगाप्रमाणेच राहिली. एका जनुकाने सगळे ठरते असे म्हणणे त्यामुळे चुकीचे होईल. शुक्रपेशी की अंडपेशी एवढे ते ठरवते, बाकीचे काम त्या भागातल्या इतर जनुकांकडे आहे.

निसर्गात असे आपोआप घडले असेल का? व्हॉल्वॉक्स आफ्रिकानस या जातीत एकच वाण अंडपेशीही बनवतो आणि शुक्रपेशीही. २०२१ साली जपानी संशोधकांनी तिचा जनुकसंच वाचला. त्यात जुन्या मादीचा जवळजवळ सगळा लिंग-भाग शाबूत होता आणि मिडच्या अनेक प्रती दुसऱ्याच ठिकाणी जाऊन बसल्या होत्या.