आर्द्र कोलोडियन प्रक्रिया

काचेच्या तावावर रसायनाचा पातळ लेप देऊन तो ओला असतानाच छायाचित्र टिपण्याची ही पद्धत इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट न घेतल्यामुळे तिचा प्रसार झपाट्याने झाला. त्यापूर्वीच्या दागेरोटाइपमध्ये धातूच्या पत्र्यावर एकच चित्र मिळे, तर कागदी निगेटिव्हमध्ये कागदाचे तंतू उमटून रेषा पुसट होत. काचेच्या निगेटिव्हने हे दोन्ही दोष दूर केले, कारण तिच्यावरून अंड्यातील बलक वगळून उरलेल्या पांढऱ्या द्रवाचा थर दिलेल्या कागदावर (अल्ब्युमिन कागद) हव्या तितक्या स्पष्ट प्रती काढता येत.

नायट्रिक व गंधकाम्लाने संस्कारित केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला, की कोलोडियन हा चिकट द्रव तयार होतो. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो काचेवर ओतत, मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करत. लेप सुकण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, चित्र टिपून ते अंधारात प्रकट करावे लागे. त्यामुळे बाहेरगावी जाणाऱ्या छायाचित्रकाराला अंधारा तंबू, बाटल्या आणि काचा सोबत न्याव्या लागत. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडे, आणि हीच या पद्धतीची येथील खरी अडचण होती. लेप निळ्या प्रकाशाला अतिसंवेदी, तर तांबड्याला जवळजवळ आंधळा असल्यामुळे आकाश कोरे पांढरे आणि कुंकू काळे उमटे. त्या काळच्या चित्रांवरून वस्त्रांच्या रंगाचा अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे बरे.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले, तर भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी वैद्यकी सांभाळून या कलेत नाव मिळवले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात काढलेल्या मासिक चित्रसंग्रहात मुंबईच्या वास्तू व निरनिराळ्या जातिजमातींतील माणसे दिसतात. मात्र त्यांतील बरीच माणसे मुद्दाम उभी केलेली असल्याने ती चित्रे जशीच्या तशी समाजदर्शन मानता येत नाहीत.

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच सुधारून १८८० च्या सुमारास बाजारात रुळली, तेव्हा ओली काच मागे पडली; छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यांत मात्र रेषांच्या ठसठशीत काळ्या-पांढऱ्या भेदासाठी ती विसाव्या शतकातही वापरात राहिली.