एसजीओटी वाढला म्हणजे कावीळच का? स्नायूंच्या सुजेची दीडशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग थोडा घरातला आहे, म्हणून सुरुवातही घरापासूनच करतो.

नायगाव तालुक्यात माझी मावशी राहते. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. काही वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिला खाली बसलं की उठता येईना. "माय, मांड्याच उचलत नाहीत बघ," असं ती सांगायची. आम्हाला वाटलं, थकली असेल. मग वेणी घालायला हात वर जाईना. एसटीची पायरी चढताना मागून कुणीतरी ढकलावं लागायचं. चेहऱ्यावर आणि पापण्यांवर काळपट-जांभळी झाक आली होती, तिला सगळ्यांनी वांग म्हणून सोडून दिलं.

एका दवाखान्यात रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही वाढलेले. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला सूज आहे. आणि आपल्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळ, कावीळ म्हटलं की झाडपाल्याचं औषध. दर रविवारी मावशी ते औषध घ्यायला जायची. तेल बंद, तिखट बंद, ऊसाचा रस सुरू. डोळे पिवळे नव्हते, लघवी पिवळी नव्हती, बिलिरुबिन नॉर्मल होतं. हे सगळं रिपोर्टवर छापलेलं होतं, पण आमच्यापैकी कुणीच ते नीट वाचलं नाही. पाच महिने गेले. शेवटी घास गिळताना ठसका लागायला लागला तेव्हा तिला नांदेडला नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी मावशीला फक्त एक गोष्ट करायला सांगितली, "हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून उठून दाखवा." तिला उठता आलं नाही. त्यांनी सीपीके नावाची तपासणी लिहून दिली. आजार लिव्हरचा नव्हता, स्नायूंचा होता. डर्मॅटोमायोसायटिस.

ही चूक का होते, त्याचा इतिहास मला फार गंमतीचा वाटतो. खरं तर गंमतीचा म्हणू नये, पण वाटतो.

एसजीओटी हे एक एन्झाइम आहे आणि आज प्रत्येक लॅब ते लिव्हरच्या यादीत छापते. पण १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेवस्की आणि कारमेन या तिघांनी रक्तातल्या एसजीओटीवर पहिला महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला तो हार्ट अटॅकवर! हृदयाचा स्नायू मेला की त्यातलं हे एन्झाइम रक्तात सांडतं, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे या तपासणीचा जन्मच मुळात स्नायूची तपासणी म्हणून झाला. पुढच्या एक-दोन वर्षांत लिव्हरच्या आजारातही ते वाढतं हे कळलं, जोडीला एसजीपीटी आलं. हृदयासाठी नंतर जास्त नेमक्या तपासण्या निघाल्या, आणि एसजीओटी कायमचं लिव्हरच्या घरी नांदायला गेलं. त्याचं माहेर स्नायूचं होतं हे लोक विसरले. काही डॉक्टरसुद्धा.

हातापायाच्या स्नायूंत सूज आली तरी ही दोन्ही एन्झाइम्स वाढतात. तेव्हा बिलिरुबिन नॉर्मल, जीजीटी नॉर्मल, एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त, आणि माणूस म्हणतोय की मला उठता येत नाही, असं चित्र असेल तर सीपीके बघायचं. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज. १९५९ मध्ये जपानच्या सेत्सुरो एबाशी आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या आजारात ते रक्तात वाढतं हे दाखवलं. साधी तपासणी आहे, तालुक्याची लॅबसुद्धा करते किंवा नमुना पुढे पाठवते. एक सावधगिरी सांगतो: डर्मॅटोमायोसायटिसच्या काही रुग्णांत सीपीके नॉर्मलही असतं. त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून सुटलो, असं नाही.

आता जरा मागे जाऊ. १८६३ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या एर्न्स्ट वाग्नर यांनी एका "दुर्मिळ स्नायूविकाराची" नोंद छापली. नाव काय द्यावं हे त्यांनाही कळलं नव्हतं. मग १८८७ हे साल येतं. त्या एकाच वर्षी वाग्नर, हेप आणि उन्फेरिश्ट अशा तिघांनी वेगवेगळे रुग्ण मांडले. हेप यांनी दिलेलं नाव बघा: स्यूडोट्रिकिनोसिस, म्हणजे खोटा ट्रिकिनोसिस. अर्धंकच्चं डुकराचं मांस खाल्लं की त्यातल्या कृमीची पिल्लं स्नायूत जाऊन बसतात, पापण्या सुजतात, अंग ठणकतं. जर्मनीत तो आजार तेव्हा सगळ्यांच्या माहितीचा होता. हेप यांच्या रुग्णाचं चित्र अगदी तसंच, फक्त स्नायूत कृमीच सापडेना! म्हणून खोटा. आमच्या मावशीला खोटी कावीळ झाली होती, तिथे खोटा ट्रिकिनोसिस. दुर्मिळ आजार आपल्या नावाने येतच नाही. त्या मुलखात जो आजार सगळ्यांना माहीत असतो त्याचे कपडे घालून तो येतो. १८९१ मध्ये उन्फेरिश्ट यांनी डर्मॅटोमायोसायटिस हे नाव दिलं, डर्मा म्हणजे त्वचा, मायो म्हणजे स्नायू. तेच आजही चालतं.

नाव मिळालं, पण औषध नव्हतं. जवळजवळ साठ वर्षं नव्हतं.

इथे मराठवाड्याच्या माणसाला लक्षात राहील अशी एक तारीख आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून आपण सुटलो. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबर १९४८ ला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला एका नव्या पदार्थाचं पहिलं इंजेक्शन दिलं. एडवर्ड केंडल यांनी शोधलेला "कंपाउंड ई", म्हणजेच पुढे ज्याला कॉर्टिझोन म्हणाले तो. आठवडाभरात ती बाई स्वतःच्या पायाने बाजारात गेली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. लवकरच मायोसायटिसमध्येही स्टिरॉइड वापरायला सुरुवात झाली आणि माणसं उठून बसू लागली.

ती इतकी उठून बसली की खोट्या गोळीशी तुलना करून मोठा, काटेकोर प्रयोग करायची कुणाला गरजच वाटली नाही. आज पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, जगभर मायोसायटिसचं पहिलं औषध स्टिरॉइडच आहे, पण तसा प्रयोग झालेला नाही. आता तो करणं नैतिकदृष्ट्याही बसणार नाही. मला ही गोष्ट खटकते आणि पटतेही.

स्टिरॉइडची दुसरी बाजू आपल्या भागाला वेगळी सांगायला नको. गुडघेदुखीच्या पुड्यांत काय काय मिसळलेलं असतं आणि ते खाऊन कितीजणांचे चेहरे गोल होतात, हे आठवडी बाजारात दिसतं. मायोसायटिसमध्ये मात्र तेच औषध मापात, तपासून द्यायचं असतं. सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी, कारण आपल्या देशात दबून बसलेला टीबी स्टिरॉइडने डोकं वर काढतो. साखर बघायची, हाडांसाठी कॅल्शियम. आणि बरं वाटलं म्हणून गोळी अचानक बंद करायची नाही. मावशीने एकदा केली होती. गावात कुणीतरी सांगितलं की ही गोळी हाडं खाते. दहाव्या दिवशी तिला पुन्हा पलंगावरून उठता येईना. त्यात आणखी एक पेच आहे: स्टिरॉइड फार दिवस जास्त डोसमध्ये चाललं तर त्यानेही मांड्यांचे स्नायू अशक्त होतात. मग अशक्तपणा आजाराचा की औषधाचा, हे ठरवताना डॉक्टरांचाही कस लागतो.

म्हणून जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट अशी औषधं देतात, म्हणजे स्टिरॉइड हळूहळू उतरवता येतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक सोमवारी लाल गोल काढला होता.

निदानाकडे परत येऊ. १९७५ मध्ये अमेरिकेत बोहान आणि पीटर या दोन डॉक्टरांनी पाच निकष मांडले: दोन्ही बाजूंच्या खांद्या-मांड्यांचा अशक्तपणा, वाढलेली एन्झाइम्स, ईएमजीतला बदल, स्नायूच्या तुकड्याची तपासणी म्हणजे बायोप्सी, आणि त्वचेवरची लक्षणं. निकष इतके सुटसुटीत होते की चाळीसेक वर्षं तेच चालले. अडचण बायोप्सीची. तुकडा काढणं सोपं, पण तो नीट गोठवून, रंगवून वाचणारा माणूस पाहिजे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात डॉ. दाराब दस्तूर यांनी न्यूरोपॅथॉलॉजीचं काम उभं केलं, कुष्ठरोगातल्या नसांपासून स्नायूंपर्यंत. पण नायगावहून मुंबई म्हणजे एक रात्र आणि वर निम्मा दिवस. आपल्याकडचा पेशंट पूर्वीपासून हैदराबादकडे वळतो. १९५६ पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यातच होतं, वाट तेव्हापासूनची पायाखालची आहे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्नायूच्या बायोप्सी वाचल्या जातात. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. त्याआधी आपल्याकडच्या माणसाचा असा आजार कुठल्या नावाखाली नोंदला गेला असेल, याचा विचारच केलेला बरा.

२०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी नवे निकष आणले. त्यासाठी मायोसायटिसच्या ९७६ आणि तसे दिसणाऱ्या दुसऱ्या आजारांच्या ६२४ रुग्णांची माहिती तोलून पाहिली. आपल्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट म्हणजे बायोप्सीशिवायही गुण मोजता येतात. बोटांच्या सांध्यांवरचे उंचवटे, पापण्यांवरचा जांभळा रंग अशी खास त्वचेची लक्षणं असतील तर बायोप्सी नसली तरी भागतं. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेत, निदान शेवटी डॉक्टरच करतात. आणि एक तक्रार माझी स्वतःची: पुस्तकांतले ते "जांभळे" फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीचे होते. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर तो रंग काळपट दिसतो आणि मग वांग वाटतो.

रक्तातल्या अँटिबॉडीजची गोष्ट १९८० ला सुरू होते. निशिकाई आणि राइश्लिन यांनी जो-१ नावाची अँटिबॉडी शोधली, आणि ते "जो" एका रुग्णाच्या नावावरून आलं, जॉनवरून. ही असेल तर स्नायूंबरोबर फुप्फुसंही बघावी लागतात. २००५ मध्ये जपानच्या सातो यांनी दुसरी एक शोधली, जिला आज एमडीए-५ म्हणतात. तिच्यात स्नायू जवळजवळ ठीक असतात, पण फुप्फुसं काही आठवड्यांत बिघडू शकतात. म्हणजे नाव स्नायूच्या आजाराचं आणि धोका श्वासाला. "दंगल" मधली छोटी बबिता झालेली सुहानी भटनागर फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीत गेली, वय १९. डर्मॅटोमायोसायटिसचं निदान झालं होतं, त्यात संसर्ग आणि फुप्फुसांचा त्रास. त्या आठवड्यात मला किती फोन आले! "तुझ्या मावशीला तेच होतं ना?" मोठ्या वयात हा आजार झाला तर शरीरात कुठे कॅन्सर दडलाय का, तेही शोधतात. आमची ती तपासणी सुदैवाने निल आली.

आपल्या भागात असे किती रुग्ण असतील? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. सुमारे सहा हजार वस्तीचं गाव. मोठ्या माणसांपैकी साधारण १८ टक्के लोकांना असं काही ना काही दुखणं निघालं. खेड्यातली दुखणी मोजण्याचं हे मोलाचं काम आहे. पण मायोसायटिस लाखात काही मोजक्यांना होतो. सहा हजारांच्या गावात तो सापडणारच नाही कदाचित. त्याला मोठी नोंदवही लागते. लखनौच्या संजय गांधी संस्थेत २०१७ पासून मायोसाइट नावाने तशी नोंद सुरू झाली, डॉ. लतिका गुप्ता यांच्या पुढाकाराने.

नव्या औषधांचं थोडक्यात. २०२२ मध्ये इम्युनोग्लोब्युलिनचा प्रयोग छापून आला, ९५ रुग्ण. सोळा आठवड्यांनी औषधवाल्यांपैकी ७९ टक्के सुधारले, खोट्या सलाईनवाल्यांपैकी ४४ टक्के. डोस किलोमागे दोन ग्रॅम. मावशीचं वजन तेव्हा पन्नास किलो, म्हणजे एका वेळी शंभर ग्रॅम, पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या, आणि दर चार आठवड्यांनी. हिशोब लाखांत जातो. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही, गोळ्यांवर भागलं. ज्यांना लागेल त्यांनी भरती होण्याआधी दवाखान्यातल्या योजनेच्या काउंटरवर रेशनकार्ड घेऊन विचारा, नंतर नको.

व्यायामाबद्दल एका ताईंनी मागच्या भागाखाली विचारलंय. पूर्वी सांगायचे की सुजलेल्या स्नायूला आराम द्या. स्वीडनमधल्या अलेक्झांडरसन आणि लुंडबर्ग यांच्या अभ्यासांनी १९९० च्या दशकाच्या शेवटापासून ते बदललं. झेपेल तेवढा, देखरेखीखाली केलेला व्यायाम सुरक्षित असतो आणि ताकद वाढवतो. मावशीला फिजिओथेरपिस्टने घरच्या खुर्चीवरून उठ-बस दिली होती, आधी हाताने रेटून, मग हात न लावता. सुरुवातीला तीन वेळा जमायचं. यंदा ती खुरपायला गेली होती. उकिडवं अजून बसता येत नाही, एक छोटा पाट सोबत नेते.

पुढच्या भागात फ्लोराईडच्या पाण्याबद्दल आणि नांदेड जिल्ह्यातल्या दुखऱ्या सांध्यांबद्दल बोलू. प्रश्न असतील तर खाली लिहा. रिपोर्टचा फोटो टाकू नका, त्यावर नाव असतं.